शब्दचर्चा : वृत्तपत्राची ‘सजावट’, ‘मांडणी’ आणि ‘आराखडा’

प्रश्न (नेरुळ)

पत्रकारितेच्या पदविका अभ्यासक्रमासाठी मराठीतून टिपणे तयार करण्याचे काम आमच्याकडे चालू आहे. मसुद्यात ‘न्यूजपेपर रीडिझाइन’साठी ‘वृत्तपत्राची पुनर्सजावट’ आणि ‘व्हिज्युअल जर्नालिझम’साठी ‘दृश्य पत्रकारिता’ असे प्रतिशब्द सुचवले आहेत. पहिला शब्द मला खटकतो, परंतु त्याऐवजी कोणता वापरावा हे ठरत नाही. जाणकारांनी आपले मत सविस्तर द्यावे.

उत्तर (ठाणे)

आपल्याला तो शब्द खटकला हे योग्यच आहे. सजावट ही आधी तयार असलेल्या वस्तूवर नंतर चढवली जाते. मूर्ती तीच राहते, मखर दरवर्षी बदलते. वृत्तपत्राचे पान असे तयार होत नाही. कोणती बातमी वर जाईल, ती किती कॉलमांत बसेल, तिच्यासोबत नकाशा द्यायचा की छायाचित्र, कोणता मजकूर चौकटीत जाईल, हे सारे निर्णय संपादकीय असतात आणि त्यांतूनच वाचकाला बातमीचे महत्त्व कळते. ‘सजावट’ म्हटले की हे निर्णय शब्दाबाहेर राहतात आणि पान आखणाऱ्याचे काम केवळ शोभेचे ठरते. माझा खरा आक्षेप येथे आहे.

मराठीत ‘मांडणे’ हे क्रियापद या कामासाठी अगदी तयार आहे. आपण हिशेब मांडतो, गणित मांडतो, सभेत बाजू मांडतो. या प्रत्येक प्रयोगात क्रम लावणे आणि अर्थ स्पष्ट करणे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’मध्ये १८३२ साली इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जात असे. हे पत्र कोणासाठी आहे, हे त्या मांडणीतूनच वाचकाला दिसत होते. आपल्या दिवाळी अंकांच्या श्रेयनामावलीतही ‘सजावट’ आणि ‘मांडणी’ ही श्रेये अनेकदा वेगवेगळी दिलेली आढळतात, आणि हा भेद जपण्याजोगा आहे.

मात्र ‘मांडणी’ हा रोजच्या पानाचा शब्द झाला. रीडिझाइनमध्ये बदलतो तो रोजची पाने ज्या नियमांनी लागतात तो साचा : स्तंभांची संख्या व रुंदी, मथळ्यांचे टाइप, दोन ओळींतील अंतर, रंगांचा वापर, पुरवण्यांचा क्रम. ‘द हिंदू’ने २००५ साली वृत्तपत्रांचे आराखडे करणारे मारिओ गार्सिया यांच्याकडून आपले रूप बदलून घेतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘द गार्डियन’ मोठ्या पानावरून बर्लिनर (मोठ्या पानापेक्षा लहान, टॅब्लॉइडपेक्षा थोड्या मोठ्या) आकारात आला, तेव्हा त्याला नवी छपाईयंत्रे बसवावी लागली आणि स्वतःसाठी नवे टाइपकुटुंब (एकाच घडणीच्या अक्षरांचा संच) घडवून घ्यावे लागले. इतक्या खोलवर जाणाऱ्या बदलाला सजावट म्हणता येणार नाही. ‘पुनर्रचना’ म्हटले तर राज्य पुनर्रचना किंवा खात्यांची पुनर्रचना आठवते, आणि ‘पुनर्मांडणी’ हा शब्द विचारांच्या वा इतिहासाच्या फेरमांडणीसाठी रूढ झाला आहे. म्हणून मी ‘मांडणीचा नवा आराखडा’ असे सुचवतो. तो शब्दसमूह लांब आहे, पण नेमका आहे.

देवनागरी वृत्तपत्राच्या आराखड्याचे स्वतःचे प्रश्न आहेत आणि टिपणांत ते अवश्य यावेत. रोमन लिपीत मथळा ठसठशीत करण्यासाठी सगळी मोठी अक्षरे वापरता येतात, देवनागरीत लहान-मोठी अक्षरे असा भेदच नाही, त्यामुळे ठसा उमटवायचा तर टाइपची जाडी, आकार, रंग किंवा रेघ यांवरच भिस्त ठेवावी लागते. शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा व रफार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय येत असल्यामुळे दोन ओळींत जास्त जागा सोडावी लागते. इंग्रजी पानाचा आराखडा जसाच्या तसा उचलला, तर मराठी मजकूर कोंबल्यासारखा दिसतो.

‘दृश्य पत्रकारिता’ मात्र ठेवावा. ‘दृश्यकला’ हा शब्द रुळलेलाच आहे, त्यामुळे तो परका वाटणार नाही. दूरचित्रवाणीशी गोंधळ होईल अशी शंका कोणी घेईल, पण तिच्यासाठी ‘दृक्-श्राव्य’ हा स्वतंत्र शब्द आहे.

प्रतिक्रिया (बेलापूर)

मी अनेक वर्षे वृत्तपत्राच्या संपादकीय डेस्कवर काम केले आहे. तेथे ‘मांडणी’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. आम्ही ‘पान लावतो’ आणि छपाईला ‘पान सोडतो’. ‘लीड’ (मुख्य बातमी), ‘अँकर’ (पानाच्या तळाची ठळक बातमी), ‘बॉक्स’ (चौकट), ‘डमी’ (पानाचा कच्चा आराखडा) हे शब्द सर्वांच्या तोंडी आहेत. विद्यार्थ्यांना उद्या याच लोकांत काम करायचे आहे, तेव्हा नवे प्रतिशब्द शिकवण्यात त्यांचे हित आहे का? दुसरे असे की, ‘दृश्य पत्रकारिता’ऐवजी ‘चित्रपत्रकारिता’ अधिक सोपा नाही का?

उत्तर (ठाणे)

डेस्कवरचे शब्द टिपणांत आलेच पाहिजेत, आणि तेही पहिल्या प्रकरणात. ‘पान लावणे’ हा तर अस्सल मराठी प्रयोग आहे, तो ‘मांडणी’च्या जोडीने द्यावा. ‘लीड’ला प्रतिशब्द शोधण्याची गरज मला वाटत नाही. नवा शब्द लागतो तो जेथे चालू शब्द कामाचे स्वरूप झाकतो तेथे, आणि ‘सजावट’ तसे करतो.

‘चित्रपत्रकारिता’बद्दल माझी अडचण वेगळी आहे. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची (दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद ठेवण्याची) बातमी घ्या. कोणत्या मार्गावर, कोणत्या स्थानकांदरम्यान, किती ते किती, आणि पर्याय कोणता, ही माहिती सलग परिच्छेदात दिली तर ठाण्याहून वाशीला निघालेल्या माणसाला आपल्या कामाची ओळ शोधत बसावे लागते. तीच माहिती मध्य, हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा तीन रकान्यांच्या तक्त्यात, शेजारी मार्गाची साधी रेघ आणि तिच्यावर बंद टप्पा ठळक करून दिली, तर नजर टाकताच उत्तर मिळते. त्या तक्त्यात छायाचित्र नाही, रेखाटनही नाही. तरीही ती पूर्ण अर्थाने पत्रकारिता आहे, कारण काय गाळायचे आणि काय आधी सांगायचे हे तेथे कोणीतरी विचारपूर्वक ठरवले आहे. ‘चित्र’ म्हटल्यावर असा तक्ता बाहेर राहतो, ‘दृश्य’ म्हटल्यावर तो आत येतो.

श्रेयओळीचाही विचार टिपणांत व्हावा. बातमीदाराचे नाव छापले जाते, छायाचित्रकाराचेही छापले जाते. तक्ता वा नकाशा तयार करणाऱ्याचे नाव द्यायचे झाल्यास ‘सजावट’ऐवजी ‘आलेखन’ असे लिहावे. नकाशा, तक्ता आणि आलेख या तिन्हींना तो शब्द पुरतो.