कार्बन नॅनोट्यूबमुळे वाहनांतील ओतीव लोखंडाची मागणी खरोखर संपेल का?

शिरोलीचा ओतारी

नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची मध्यम आकाराची फौंड्री असून ओतीव लोखंडाच्या ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या दोन्ही प्रकारांत आम्ही ब्रेक ड्रम, हाउसिंग आणि ट्रॅक्टर इंजिनाचे काही भाग ओततो. नवीन मोल्डिंग लाइनसाठी बँकेत कर्जाचा प्रस्ताव देण्याच्या तयारीत असताना एका सल्लागारांनी आम्हाला असे सांगितले की, पोलादाच्या शंभरपट मजबूत आणि वजनाने त्याच्या एक षष्ठांश असलेल्या कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या) गाड्या दहा वर्षांत रस्त्यावर येतील, त्या गाड्यांतील संगणकही सिलिकॉनऐवजी याच नळ्यांचे असतील आणि ओतकामाचा धंदा आपोआप आटेल. पुतण्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकतो. शंभरपटीचा आकडा पुस्तकात असल्याचे तो सांगतो, पण तो आकडा कारखान्यात कसा उतरतो हे त्यालाही सांगता आले नाही.

या विषयात काम केलेल्या सभासदांनी कृपया दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात. वाहनांमध्ये हा पदार्थ प्रथम कोणत्या रूपात येईल, आणि संगणकाबद्दलचे विधान कितपत खरे आहे?

राजारामपुरी सातवी गल्ली

सल्लागारांचा आकडा खोटा नाही. मात्र तो एकट्या नळीचा आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. जपानच्या एनईसी कंपनीतील सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून एकेका नळीची ताकद मोजण्याचे प्रयोग होत आले आहेत. २००० साली झालेल्या एका मोजणीत बहुपदरी नळीच्या बाहेरच्या पदराची ताण सोसण्याची क्षमता ११ ते ६३ गिगापास्कल (ताण मोजण्याचे एकक) भरली, आणि २०१८ मध्ये चीनमधील चिंग्हुआ विद्यापीठाच्या गटाने काही सेंटिमीटर लांबीच्या नळ्यांच्या जुडग्यात ८० गिगापास्कलच्या पुढचा आकडा नोंदवला. साधे बांधकामाचे पोलाद अर्ध्या गिगापास्कलच्या आसपास तुटते, म्हणजे शंभरपट हे गणित बरोबर आहे. (तुलनेला पियानोची तार घेतली तर तेच गणित पंचवीस-तीसपटीवर येते, आपण कोणते पोलाद निवडतो यावर जाहिरात ठरते.)

आता अशा कोट्यवधी नळ्यांचा धागा वळला की काय होते ते पाहावे. प्रत्येक नळीच्या आतील अणूंचे बंध अतिशय बळकट असले, तरी एका नळीला शेजारच्या नळीशी धरून ठेवणारे बल फार क्षीण असते; ताण आला की नळ्या तुटण्याआधी एकमेकींवरून घसरतात. त्यामुळे धाग्याची ताकद काही थोड्या गिगापास्कलवर येऊन थांबते आणि आज बाजारात मिळणारे उत्तम कार्बन फायबर तेवढी ताकद सहज देते. रेझिनमध्ये मिसळायचे म्हटले तर या नळ्यांचे गठ्ठे बनतात, आणि प्रमाण काही टक्क्यांच्या वर गेले की रेझिन इतके घट्ट होते की ते साच्यात नीट भरत नाही. आपल्याला हे वेगळे सांगायला नको: ग्रे आयर्नमधील ग्राफाइटचे पापुद्रे आणि एसजी आयर्नमधील ग्राफाइटच्या गोळ्या हा एकच कार्बन असतो, पण धातूची ताकद त्या कार्बनच्या आकारावर आणि मांडणीवर ठरते. नॅनोट्यूबचे सगळे दुखणे या मांडणीचे आहे.

म्हणून हा पदार्थ गाडीचा सांगाडा म्हणून येत नाही, पूड म्हणून येतो, आणि त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक आजच बॅटरी आहे. लिथियम बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडमधील मुख्य पूड विजेची चांगली वाहक नसल्यामुळे तिच्यात पूर्वीपासून कार्बन ब्लॅक (काजळीसारखी बारीक पूड) मिसळत आले आहेत. त्याचे कण गोल असल्यामुळे वाट अखंड राहावी यासाठी ते बरेच घालावे लागतात. लांब नळ्या मात्र फार थोड्या प्रमाणातही जाळे विणतात, आणि वाचलेल्या जागेत वीज साठवणारा पदार्थ अधिक भरता येतो. ऋण बाजूला तर त्यांचे महत्त्व आणखी वाढते. तिथे ग्राफाइटऐवजी सिलिकॉन वापरल्यास तेवढ्याच वजनात सुमारे दहापट लिथियम मावते, पण चार्ज होताना सिलिकॉन जवळपास तिपटीने फुगतो, भेगाळतो आणि त्याचे तुकडे विद्युत-संपर्कातून सुटतात. नळ्यांचे जाळे हे तुकडे एकमेकांशी जोडलेले ठेवते.

विमाने आणि अंतराळयानांत गणित वेगळे असते, कारण तिथे वाचलेल्या प्रत्येक किलोला किंमत मिळते. २०११ मध्ये गुरू ग्रहाकडे निघालेल्या जुनो यानात स्थिर विद्युतभारापासून संरक्षणासाठी नॅनोट्यूबचा पत्रा वापरला गेला, आणि २०१७ मध्ये नासाने नॅनोट्यूबच्या धाग्याने गुंडाळलेली दाबाची टाकी छोट्या रॉकेटवर उडवून तपासली. तारांबाबतही मला आशा वाटते. उत्तम नॅनोट्यूब धाग्याची विद्युतवाहकता तांब्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असली, तरी त्याची घनताही तांब्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते. म्हणजे वजनाला वजन लावले तर तो तांब्याच्या तोडीस तोड ठरतो. मोठ्या प्रवासी विमानात शेकडो किलोमीटर तारा असतात हे लक्षात घेतले, की या आकड्याचे मोल कळते. ओबायाशी या जपानी कंपनीने २०५० पर्यंत ९६,००० किलोमीटर लांबीच्या नॅनोट्यूब दोरावर अंतराळ-उद्वाहक उभारण्याची कल्पना मांडली आहे; आपल्या सल्लागारांनी तो विषय काढला नाही, हे आपले भाग्य समजावे.

रंकाळा टॉवर

संगणकाच्या भागाबद्दल मी लिहितो. चिप-डिझाइन हे माझे रोजचे काम आहे.

नॅनोट्यूबचा पहिला ट्रान्झिस्टर (चिपमधील विजेची सूक्ष्म कळ) १९९८ मध्येच तयार झाला होता. मग इतकी वर्षे का लागत आहेत, याचे कारण असे की, ग्राफाइटचा पापुद्रा कोणत्या कोनात गुंडाळला गेला यावर नळी धातूसारखी वागेल की अर्धवाहकासारखी, हे ठरते, आणि नळ्या वाढवताना साधारण एक तृतीयांश नळ्या धातूसारख्या निघतात. अशी नळी ट्रान्झिस्टरमध्ये आली तर तो ‘बंद’ होतच नाही, त्यातून वीज गळत राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१३ मध्ये १७८ ट्रान्झिस्टरांचा जो छोटा संगणक चालवून दाखवला, त्यात अर्धवाहक नळ्या बंद ठेवून धातुसदृश नळ्या विजेच्या प्रवाहाने जाळून काढल्या होत्या. २०१९ मध्ये एमआयटीच्या गटाने १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा सोळा-बिटी प्रोसेसर बनवला, तेव्हा त्यांनी निराळी युक्ती केली: गळक्या नळीचा ज्यांवर सर्वांत वाईट परिणाम होतो, अशा सर्किटरचना त्यांनी डिझाइनमध्येच टाळल्या आणि त्यामुळे ९९.९९ टक्के शुद्धतेवर काम भागले. दुसऱ्या बाजूला पेकिंग विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ९९.९९९९ टक्क्यांहून अधिक शुद्ध नळ्या एका दिशेत दाटीने मांडून दाखवल्या. आपल्या हातातील फोनच्या चिपमध्ये मात्र अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात, हे विसरून चालणार नाही.

माझ्या मते सिलिकॉनला हटवणे हे ध्येयच चुकीचे आहे. खरी संधी कमी तापमानात आहे. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर घडवताना सुमारे १,००० अंश सेल्सिअसपर्यंत जावे लागत असल्यामुळे तयार चिपवर दुसरा मजला चढवला तर खालच्या धातूच्या जोडण्या बिघडतात. नॅनोट्यूबचा थर मात्र ४०० अंशांच्या आत बसतो. २०१७ मध्ये सिलिकॉनच्या पायावर स्मृतीचे दहा लाखांहून अधिक घटक आणि वीस लाखांच्या आसपास नॅनोट्यूब ट्रान्झिस्टर थरांत रचून वायू ओळखणारी एक प्रायोगिक चिप तयार झाली होती. माहिती स्मृतीतून प्रोसेसरपर्यंत नेण्यात जी वीज आणि वेळ खर्च होतो तो या रचनेत घटतो, आणि चालकाला साहाय्य करणाऱ्या गाड्यांमध्ये नेमकी त्याचीच चणचण असते. दहा वर्षांत गाडीतील सर्व चिप नॅनोट्यूबच्या होतील, यावर मी पैज लावणार नाही.

शिरोलीचा ओतारी

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. एका पुरवठादाराने असे सुचवले आहे की, भट्टीतील रसातच थोडी नॅनोट्यूबची पूड टाकली तर कास्टिंगची ताकद वाढेल. हे शक्य आहे का?

राजारामपुरी सातवी गल्ली

लोखंडाच्या रसात तर अजिबात टाकू नये. कार्बन वितळलेल्या लोखंडात विरघळतो. नळ्याही विरघळतील आणि आपण जगातील सर्वांत महाग रिकार्ब्युरायझर (रसातील कार्बन वाढवणारा पदार्थ) वापरल्याचे समाधान तेवढे मिळेल. ॲल्युमिनियमच्या रसात नळ्या भिजत नाहीत, त्यामुळे वर तरंगतात किंवा गठ्ठे धरतात, आणि जिथे अभिक्रिया होते तिथे ठिसूळ ॲल्युमिनियम कार्बाइड बनते. म्हणूनच प्रयोगशाळांत धातूची पूड आणि नळ्या एकत्र दळून, दाबून भाग बनवण्याची वाट अधिक धरली जाते, आणि त्या वाटेने ब्रेक ड्रम परवडत नाही.

कर्जाबाबत माझे मत विचाराल, तर आपल्या मालाला धोका आहे तो इंजिनाच्या भागांपुरता, आणि तो नॅनोट्यूबकडून नसून विजेवर चालणाऱ्या मोटारीकडून आहे. नळ्या त्या मोटारीची बॅटरी सुधारून धोक्याला हातभार लावतील, एवढाच त्यांचा दोष. ब्रेक आणि नकल (चाक पेलणारा स्टिअरिंगचा भाग) मात्र विजेच्या गाडीलाही लागतातच. नवीन लाइन इंजिनाच्या एकाच भागाला बांधलेली नसावी, इतके पाहावे.

पंचगंगेचा काठ

औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात काम केले असल्यामुळे एक गोष्ट जोडतो. पुरवठादाराने नमुना म्हणून कोरडी पूड आणली, तर ती कारखान्यात उघडू देऊ नये. लांब आणि ताठ नळ्या उंदरांच्या शरीरात ॲस्बेस्टॉससारखा दाह निर्माण करतात, असे २००८ मधील एका अभ्यासात दिसले होते, आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुपदरी नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराला ‘मानवात कर्करोग होण्याची शक्यता असलेला’ या गटात टाकले. सर्वच प्रकारांना तो निष्कर्ष लागू होत नाही. तरीही अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने शिफारस केलेली मर्यादा हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम आहे, तर सिलिकाच्या श्वसनयोग्य धुळीसाठी हीच संस्था पन्नास मायक्रोग्रॅम सांगते. वाळूच्या धुळीने होणारा सिलिकोसिस आपल्याकडील फौंड्री कामगारांना ठाऊक आहे. नॅनोट्यूबची मर्यादा सिलिकाच्या मर्यादेपेक्षा पन्नास पट कडक आहे. रेझिनमध्ये किंवा द्रवात आधीच कालवलेला माल तुलनेने सुरक्षित असतो, मात्र तो घट्ट झाल्यावर घासताना किंवा कापताना धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि योग्य दर्जाचा श्वसनमास्क लागतोच. साधे फडके तोंडाला बांधून हे काम करू नये.