मध्यम भूकंप: केंद्राजवळचं गाव शाबूत, लांबच्या गावात पडझड. असं का?

दगडमाती: ५.५ ते ६.५ च्या भूकंपांचे नुकसानीचे नकाशे पाहताना एक गोष्ट खटकते. केंद्रबिंदूलगतच्या गावात नुसता गिलावा पडतो, आणि वीस किलोमीटरवर भिंती कोसळतात. अंतराशी नुकसानीचा मेळ का बसत नाही? आणि धक्क्यानंतर कोणता तडा मनावर घ्यायचा?

भूस्तर: बातमीत येतं ते नकाशावरचं अंतर. लाटा खालून निघतात, म्हणून खोली धरून मोजा. नाभी, म्हणजे जमिनीखाली भूकंप जिथे सुरू होतो ती जागा, ३० किमी खोल असेल तर थेट वरच्या गावाला ३० किमी, २० किमी बाजूच्या गावाला साधारण ३६. फरक फारसा नाहीच. नाभी ५ किमीवर असेल तर हेच आकडे ५ आणि २०.६ होतात, आणि मग जवळचं गाव खरंच मार खातं.

न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च बघा. सप्टेंबर २०१० चा ७.१ चा भूकंप शहरापासून सुमारे ४० किमीवर झाला, शहर तगलं. फेब्रुवारी २०११ चा त्याहून बराच लहान होता, पण उथळ आणि शहराला खेटून. १८५ माणसं गेली. पूर्वेकडच्या उपनगरांत पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी झाली, घरं खचली.

मग जमीन. गाळाच्या थराची जाडी गुणिले ४, भागिले त्यातल्या आडव्या हादऱ्याच्या लाटांचा वेग, हा त्या जमिनीचा डोलण्याचा काळ, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ. १० मीटर गाळ आणि सेकंदाला २०० मीटर वेग धरला तर ०.२ सेकंद. इमारतीचा काळ ढोबळमानाने मजल्यामागे ०.१ सेकंद. दोन्ही काळ जुळले की डोलणं वाढत जातं. म्हणजे अशा गाळावर दुमजली घरं सगळ्यात जास्त हलणार, आणि शेजारच्या कातळावरची तशीच घरं बचावणार.

ओळंबा: जमिनीचं पटलं, पण भिंतही बघा. १९९३ चा किल्लारीचा भूकंप ६.२ चाच होता. मातीत रचलेल्या दगडी भिंती दोन पदरी, दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड नाहीत, डोक्यावर मातीचं जड माळवद. हादऱ्याने पदर सुटतात, बाहेरचा फुगतो आणि छत खाली येतं.

तड्यांबद्दल: खिडक्यांमधल्या भिंतीवर तिरके, फुलीसारखे तडे असतील आणि ते दोन्ही बाजूंनी दिसत असतील तर आत जाऊ नका. कॉलमच्या टोकाचं काँक्रीट सुटून सळ्या बाहेर वाकल्या असतील तर इमारत रिकामी करा. टेकूचं काम इंजिनिअरच्या देखरेखीखालीच. बहुतेकदा रिंगांचे, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या कड्यांचे, हूक ९० अंशांतच वाकवलेले असतात, ते उघडतात. १३५ अंशांचे काँक्रीटच्या गाभ्यात रुतून राहतात. भिंतीचा फुगवटा ओळंबा सोडून बघा, नजरेवर जाऊ नका.

दगडमाती: बीमच्या खाली सरळ आडवी भेग, तीही धोक्याची?

ओळंबा: काँक्रीटच्या सांगाड्यात विटांची भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर असेल तर सहसा नाही. दोन वेगळ्या वस्तू वेगळ्या हलल्या, इतकंच. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख टाका, भेगेला छेदून जाणारी प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे. पण तीच भेग बीममध्ये किंवा कॉलममध्ये शिरली असेल तर हिशोब वेगळा. गच्चीचा कठडा आणि पाण्याची टाकी आधी तपासा. छोट्या धक्क्यातही पडतात ती हीच.

भूस्तर: पुढच्या धक्क्यांचा अंदाज: सगळ्यात मोठा उत्तरधक्का मुख्य धक्क्यापेक्षा सरासरी १.२ ने कमी असतो, म्हणजे ५.८ नंतर ४.६ च्या आसपास. संख्या दिवसागणिक घटते, दहाव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या साधारण दहाव्या भागावर येते. ही सरासरी आहे, हमी नव्हे. तडकलेल्या भिंतीला ४.६ चा धक्काही पुरतो.

नळजोड: पाण्याचं कुणीच बोललं नाही. बीडाच्या आणि सिमेंटच्या पाइपलाइन सांध्यावर निखळतात, विशेषतः जिथे कातळ संपून भराव सुरू होतो. घरातले नळ पूर्ववत वाहिले तरी मुख्य लाइन तपासेपर्यंत पाणी उकळून प्या. गॅसचा वास आला तर विजेचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका.