हसरं घुबड आणि काळा रॉबिन

ताई, न्यूझीलंडचं नामशेष झालेलं हसरं घुबड आणि तिथल्याच चॅथम बेटांवरचा काळा रॉबिन हा छोटा पक्षी यांची तुलनाच होत नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला मात्र ती फार गरजेची वाटते. दोघांचाही घात माणसाने बाहेरून आणलेल्या प्राण्यांनी केला. घुबड खडकांच्या कपारीत, जमिनीलगत अंडी घालायचं. ससे आवरायला सोडलेल्या स्टोट या मुंगसासारख्या शिकारी प्राण्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. १९१४ साली मेलेलं सापडलेलं घुबड हा शेवटचा खात्रीचा पुरावा.

रॉबिनचीही तीच गत होणार होती. १९८० साली उरले पाच, त्यांत पिल्लं वाढवू शकणारी मादी एकच, ओल्ड ब्लू. न्यूझीलंडचे पक्षीसंवर्धक डॉन मर्टन यांच्या चमूने तिची अंडी टॉमटिट या दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात उबवायला ठेवली आणि ती पुन्हा अंडी घालत राहिली. आजचा प्रत्येक काळा रॉबिन तिचा वंशज आहे! हे वाचून मी अक्षरशः भारावलो. घुबडासाठी असं धावून जाणारं वेळेवर कोणी भेटलं नाही.

नामशेष समजलेला रानपिंगळा, म्हणजे आपल्याकडचं छोटं घुबड, पुन्हा सापडला तसं हसरं घुबडही सापडेल, असा दाखला या चर्चेत एका दादांनी दिलाय. १८८४ नंतर तो थेट १९९७ साली शहाद्याजवळ सापडला हे खरं, पण त्याचं जंगल थोडंफार शिल्लक होतं आणि तिथे स्टोट नव्हते. हसऱ्या घुबडाबद्दल मला तशी आशा वाटत नाही. आपल्या इंदूरहून खंडव्याकडे जाणाऱ्या मंडळींनी तिकडच्या सागाच्या जंगलातला रानपिंगळा जरूर पाहावा, पण आवाजाच्या रेकॉर्डिंगने त्याला बोलावू नये, विणीच्या काळात तर मुळीच नाही.