तीर्थन नदीवर ट्राउट: नेमकी जागा कशी शोधायची?

मालाडची_गरी:
मंडळी, आम्ही मूळचे देवगडचे, त्यामुळे गरवणं रक्तातच. मुंबईत आल्यापासून मात्र पवई तलाव, नाहीतर ओहोटीला मढचे खडक, एवढंच. एप्रिलअखेरीस आठ दिवस सुट्टी मिळतेय आणि हिमाचलात तीर्थनवर ट्राउटला जायचं डोक्यात बसलंय. वाहत्या थंड पाण्यात आयुष्यात गळ टाकलेला नाही. सॅटेलाइट नकाशावर अख्खी नदी सारखीच दिसते. कुणी गेलं असेल तर चांगल्या जागांचे पिन पाठवा ना. बायको सोबत आहे, तिला मासा फक्त ताटात आवडतो. आणि एक बाळबोध प्रश्न: आपल्या सह्याद्रीत ट्राउट का नाही?

सदा_उपाशी:
कारण उन्हाळ्यात आपल्या नद्यांचं डबकं होतं आणि उरलेल्या पाण्यात चहा करता येईल. पाणी 20 अंशांच्या वर जाऊ लागलं की ट्राउटला धाप लागते. बाकी चालू द्या, फोटो टाकायला विसरू नका.

कळव्याचा_गळ:
पिन मागू नकोस रे बाबा. मी पहिल्यांदा पिन घेऊनच गेलो होतो. एकाने पुलाखालचा डोह सांगितला होता, 'छातीभर पाणी, हमखास मासा'. जाऊन बघतो तर आदल्या पावसाळ्यातल्या पुराने डोह बुजलेला. घोट्याएवढं पाणी आणि खाली नुसते गोटे. दोन दिवस त्याच्याच आसपास हट्टाने गळ टाकत बसलो, कारण पिन तिथे होता! नदी दर पावसाळ्यात घर बदलते, नकाशा बदलत नाही.

आता पाणी कसं बघायचं ते सांगतो. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो आणि समोरून वाहत येणारं खातो. पण दिवसभर धारेशी झुंजत बसण्याइतका तो खुळा नाही. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला राहतो आणि खाणं दिसलं की तेवढ्यापुरता बाहेर येतो. धावतं पाणी आणि थबकलेलं पाणी एकमेकांना घासतात तिथे फेसाची एक रेघ दिसते. ती रेघ शोध. डोहाच्या शेवटी पाणी उथळ होऊन घसरायला लागतं, ती जागाही सोडू नकोस.

तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला बघत असतो, म्हणून आपण खालून, त्याच्या पाठीमागून वर सरकायचं. मी सुरुवातीला वरून खाली येत होतो, म्हणजे दाराची बेल वाजवत चोरी. स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं नकली आमिष) वरच्या अंगाला तिरका टाकायचा आणि प्रवाहापेक्षा जरा जलद गुंडाळायचा, नाहीतर दगडात अडकलाच. माझे पहिल्याच दिवशी चार गेले. कोकणातली गळ टाकून बिडी ओढत बसायची सवय इथे उपयोगाची नाही. एका आडोशाला चार-पाच वेळा टाक, काही नाही तर पुढे चल.

बंजार ते गुशैनी रस्ता नदीच्या कडेनेच जातो. पहिला दिवस रॉड गुंडाळूनच ठेव आणि नुसता चाल. गुशैनीला फलाचन नदी येऊन मिळते, तिथे दोन्ही पाण्यांचा रंग बघ. एप्रिलअखेर बर्फ वितळायला लागतं, सकाळी पाणी नितळ असतं आणि दुपारनंतर वाढून गढूळ होतं. म्हणजे पहाटे उठणं आलं. वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कात गळ घेऊन जायचं नाही, तिथे मासेमारी बंद आहे.

लायसन्स मत्स्य विभागाकडून काढ, दिवसाच्या हिशोबाने मिळतं. आम्ही उतरलो होतो तिथला माणूस 'कोण विचारतंय' म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी राखणदाराने नेमकं मलाच विचारलं. शरमेने मान खाली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तर पूर्ण बंदी, तेव्हा विणीचा काळ असतो.

चंदीगडहून मनालीची बस पकडलीस तर कंडक्टरला आधीच सांग, औटच्या बोगद्यात शिरायच्या आधी उतरायचं. तिथून लारजीमार्गे बंजार. (कळव्याहून निघताना लोकलमध्ये माझ्या हातातली नळी बघून एका काकांनी विचारलं, 'पडद्याचे रॉड का? केवढ्याला?')

पाणकावळा:
वरच्या प्रतिसादाला +१. एक भर: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडने दाबून टाका, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. तीर्थनमधला ब्राउन ट्राउट मूळचा आपल्याकडचा नाही, कुलू भागात 1909 साली साहेबांनी आणून सोडला. तरी आता तिथे त्याचंच घर आहे. हात आधी ओले करून धरा. अंगावर तांबडे ठिपके असतात, प्रत्येकाभोवती फिकट कडं. एकदा जवळून पाहिलंत की कढईची आठवण येत नाही. निदान मला तरी येत नाही.

मालाडची_गरी:
मनापासून धन्यवाद. पिनची मागणी मागे घेतो. पण बायकोने शेवटचा प्रतिसाद वाचला आणि विचारतेय, मग ताटात काय येणार?

कळव्याचा_गळ:
वहिनींना सांग, त्या भागात रेनबो ट्राउटची शेती चालते. तलावातला मासा विकत घे आणि नदीतला सोडून दे. फक्त मालवणी मसाला घरून ने, तिथे नुसतं मीठ-हळद लावून तळतात.

मालाडची_गरी:
मसाल्याची पुडी बॅगेत गेली. रॉड अजून माळ्यावरच आहे.