मदत हवी आहे : राज्याच्या कायद्यात फूड ॲडिटिव्हची व्याख्या कुठे आहे?

संत्रानगरी
आमच्या बचत गटाचे लेबल इतवारीतल्या छापखान्यात तीन दिवसांपासून अडकले आहे. राज्याच्या आरोग्य कायद्यात फूड ॲडिटिव्हची (अन्नात टिकाऊपणा, चव, रंग अशा कारणांसाठी मुद्दाम घातलेल्या पदार्थाची) व्याख्या कुठे आहे आणि घरोघरी वापरली जाणारी वस्तू तीत येते का, हे कोणी कलमासह सांगेल का? संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा आहे.

लेबलवाचक
ताई, पदार्थ कोणता, त्यात काय घातले आणि कशासाठी घातले, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. राज्याचा वेगळा कायदा मात्र शोधू नका. व्याख्या केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये आहे. आपल्याकडे अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

जुना लोणचेवाला
मी १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली वर्षानुवर्षे धंदा केला. मीठ, साखर आणि व्हिनेगर यांवर माल उत्तम टिकतो. दुसरे काही घालूच नका, म्हणजे व्याख्येचा प्रश्नच उरणार नाही.

लेबलवाचक
काका, तो कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून रद्द झाला आहे. शिवाय ताईंचा माल तयार आहे. त्यांना लेबलावर काय लिहायचे ते हवे आहे.

संत्रानगरी
क्षमा करा, संत्र्याचा स्क्वॉश आहे. त्यात लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) आणि थोडे व्हिटॅमिन सी आहे. सुरक्षित मानले गेलेले पदार्थ व्याख्येबाहेर असतात, असे मी वाचले होते.

धरमपेठ
लेबल इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावेच लागते. मराठी त्याच्या जोडीला चालते.

लेबलवाचक
तुम्ही वाचलेली सवलत अमेरिकेच्या अन्न कायद्यातल्या १९५८ च्या दुरुस्तीतली आहे. आपल्या व्याख्येत ती नाही. जो पदार्थ एरवी अन्न म्हणून नुसता खाल्ला जात नाही किंवा त्या अन्नाचा नेहमीचा घटक नसतो, आणि जो बनवताना, टिकवताना, चव-रंगासाठी किंवा अशाच तांत्रिक हेतूने मुद्दाम घातल्यामुळे अन्नाचा भाग होतो किंवा त्याच्या गुणधर्मांवर परिणाम करतो, तो ॲडिटिव्ह. मग त्याला पोषणमूल्य असो वा नसो. दूषित करणारी द्रव्ये आणि केवळ पोषण वाढवण्यासाठी घातलेले पदार्थ तेवढे वगळले आहेत. म्हणून साखर हा तुमचा घटकच आहे. लिंबूसत्त्व मात्र घरच्या डब्यातले असले तरी आंबटपणा राखण्यासाठी घातले असल्याने ‘ॲसिडिटी रेग्युलेटर (३३०)’ असे लिहावे लागेल; कंसातला आकडा म्हणजे त्या ॲडिटिव्हचा आंतरराष्ट्रीय क्रमांक. व्हिटॅमिन सी कशासाठी घातले, हे तुम्ही अजून सांगितलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून आहे.

जुना लोणचेवाला
व्हिटॅमिन म्हटले की ते पोषणच.

लेबलवाचक
नाही काका, कायदा हेतू विचारतो. एकच चमचाभर पूड पोषणासाठी घातली तर व्याख्येबाहेर, रंग टिकवण्यासाठी घातली तर व्याख्येत.

संत्रानगरी
मागच्या खेपेला काही दिवसांतच बाटलीच्या गळ्याशी रस तपकिरी पडला होता, तो पडू नये म्हणूनच घातले. म्हणजे ‘अँटिऑक्सिडंट (३००)’ असेही लिहायला हवे. तसे आत्ताच छापखान्याला कळवते.