शब्दचर्चा: थायलंडच्या ‘अम्फऽ’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

थायलंडच्या कारभारावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. प्रॉव्हिन्स, डिस्ट्रिक्ट ऑफिस, गव्हर्नर यांना मी प्रांत, जिल्हा कार्यालय, राज्यपाल असे लिहिले, पण चित्र जुळत नाही. राज्यपालाच्या हाताखाली जिल्हा, आणि त्या जिल्हा कार्यालयात लोक लग्नाची नोंद करायला येतात! नेमके काय लिहू?

प्रतिसाद १

इंग्रजी शब्द बाजूला ठेवून थाई शब्दांकडे चला, गुंता तिथेच सुटतो. उतरंड अशी आहे: चंगवत (इंग्रजीत प्रॉव्हिन्स), त्याखाली अम्फऽ (डिस्ट्रिक्ट), मग तम्बोन म्हणजे गावांचा गट, शेवटी मूबान म्हणजे गाव. बँकॉक वगळता देशात ७६ चंगवत आणि ८७८ अम्फऽ. एकट्या चिआंग माय चंगवतात २५ अम्फऽ आहेत. तेव्हा चंगवत म्हणजे आपला जिल्हा आणि अम्फऽ म्हणजे तालुका. ‘प्रांत’ मुळीच नको. आपल्याकडे ‘प्रांतांकडे अपील केले’ म्हटले की उपविभागीय अधिकारी समजतात.

‘राज्यपाल’ही चूकच. चंगवतच्या प्रमुखाला ‘फू वा रात्चकान’ म्हणतात, म्हणजे राजकाज पाहणारा. त्याला गृह मंत्रालय नेमते, तेच त्याची बदली करते. २०१८ मध्ये थाम लुआंग गुहेत मुले अडकली तेव्हा बचावकार्याची सूत्रे चिआंग राय चंगवतच्या गव्हर्नरांकडे होती. त्यांचे काम डोळ्यांपुढे आणा. आपत्तीत जिल्हाधिकारी जे करतात तेच ते करत होते. ती गुहा मे साय अम्फऽमध्ये आहे, आणि तिथे ‘मे साय तालुका’ लिहिले की सगळे जागेवर बसते.

उच्चाराचेही सांगतो. रोमन लिपीवरून ‘अम्फो’ किंवा ‘अम्फोए’ लिहिले जाते. त्यातला फ ‘फळ’मधला आहे आणि शेवटी लांबवलेला अ आहे. अवग्रह (ऽ) आपल्याकडे आहेच, तो इथे वापरावा.

प्रतिसाद २

तालुका मान्य, पण कचेरीला ‘तहसील कार्यालय’ म्हणू नका. तहसील म्हणजे वसुली. अम्फऽच्या कचेरीची ओळख वसुलीची नाही, नोंदणीची आहे. जन्म, मृत्यू, विवाह, घटस्फोट, घराच्या नोंदीचे पुस्तक, वयाच्या सातव्या वर्षापासून मिळणारे ओळखपत्र, हे सगळे तिथे होते. २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी जोडप्यांचे विवाहही तिथेच नोंदले जाऊ लागले.

या कचेरीचे थाई नाव आहे ‘थी वा कान अम्फऽ’, म्हणजे अम्फऽचा कारभार पाहण्याची जागा. मला तर लगेच ‘मामलेदार कचेरी’ आठवली. मामले पाहणारा तो मामलेदार. गोव्यात हा हुद्दा अजून चालू आहे. शब्दाची घडण इतकी जवळची क्वचितच सापडते. तरी लेखात ‘तालुका कचेरी’ पुरेल, कारण मामलेदार म्हटले की महसूल पुन्हा मागच्या दाराने आत येतो. तिथल्या प्रमुखाला, ‘नाय अम्फऽ’ला, ‘तालुका प्रमुख’ म्हणावे.

एक अपवाद: बँकॉकमध्ये अम्फऽ नाहीत, ५० ‘खेत’ आहेत. हा आपलाच ‘क्षेत्र’ शब्द, पालीतून गेलेला. तिथला गव्हर्नर लोक निवडून देतात आणि खेतची कार्यालये त्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांना ‘प्रभाग कार्यालय’ म्हणावे. व्हॅलेंटाइन दिनाला बांग राक खेतमध्ये विवाहनोंदणीला रांगा लागतात, कारण ‘राक’ म्हणजे प्रेम. असे नाव आले तर भाषांतर न करता अर्थ सांगावा.

विचारणा करणारीकडून

दोघांचेही मनापासून आभार. ‘विलेज हेड’ला मी सरपंच केले आहे. चालेल?

प्रतिसाद १

नाही. मूळ शब्द ‘फू याय बान’, शब्दशः ‘गावातला मोठा माणूस’. त्याला गावकरी निवडतात, पण पुढे तो नाय अम्फऽच्या हाताखाली, वयाच्या साठीपर्यंत काम करतो. १९१४ च्या कायद्याने बांधलेली ही साखळी वरून खाली आलेली आहे. तम्बोनची निवडून आलेली परिषद आणि तिचा अध्यक्ष वेगळे. सरपंच म्हणायचेच तर त्या अध्यक्षाला म्हणा.

फू याय बानला मी ‘गावप्रमुख’ म्हणेन. ‘पाटील’ मनात येतो खरा, पण पाटीलकी वंशपरंपरेने चालत आली होती आणि इथे तसे काही नाही. पहिल्यांदा येईल तिथे थाई शब्द देवनागरीत द्या आणि पुढे गावप्रमुखच ठेवा.