तोच प्रश्न पुन्हा विचारणारा नवखा: कोकणातले अनुभव

निवेदन

मे महिना आणि गणपती या दोन वेळांना कोकणातली गावे माणसांनी भरतात आणि त्या माणसांबरोबर प्रश्नही येतात. चाकरमानी सातबाऱ्याविषयी विचारतो, नव्याने बाग घेतलेला कलमांविषयी विचारतो आणि पाहुणा भरतीची वेळ विचारतो. विचारणारा दर वेळी नवा असतो, उत्तर देणारा मात्र वर्षानुवर्षे तोच असतो, त्यामुळे त्याच्या आवाजात त्रागा उतरतो. पहिल्यांदा विचारणाऱ्यावर चिडण्याचा अधिकार कोणालाही नाही, याविषयी माझे मत पक्के आहे. एकाच माणसाने तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर काय करावे, याविषयी ते तितके पक्के नाही, म्हणून ज्यांच्याकडे लोक विचारायला येतात अशांकडून आणि ज्यांनी स्वतः विचारले आहे अशांकडूनही अनुभव मागवले. उपदेश नको, घडलेले लिहा, अशी विनंती केली होती. बहुतेकांनी ती पाळली.

कलमांची रोपवाटिका चालवणारे, देवगड तालुका

आमच्याकडे जून ते ऑगस्ट हा कोय कलमांचा हंगाम असतो. रायवळ आंब्याची कोय रुजून आलेले रोप पंधरा-वीस दिवसांचे, पाने अजून तांबूस असताना कापायचे, त्यात पाचरीसारखा खाप घेऊन हापूसची काडी बसवायची आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची, हे काम आमच्या घरातली शाळकरी मुलेही करतात. विकत नेणाऱ्याला मात्र यातले काहीच ठाऊक नसते. पावसाळा संपता संपता त्याचा फोन येतो, "काका, कलम फुटले आहे, आता काय करू?" हा प्रश्न इतक्यांदा येतो की उत्तर तोंडावरच असते, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. फुटवा जोडाच्या वर असेल तर आनंदाची गोष्ट आहे, त्याला हात लावायचा नाही. तो जोडाच्या खाली असेल तर ते रायवळ फुटले आहे आणि ताबडतोब काढले पाहिजे, कारण तो खालचा फुटवा जोर धरतो, वरची हापूसची काडी मरते आणि मालक पुढे कित्येक वर्षे रायवळाला खतपाणी घालत बसतो. शब्द तेच असले तरी झाड वेगळे असते. म्हणून मी उत्तर देण्याआधी उलट विचारतो, "जोडाच्या वर की खाली?" ज्याला जोड कुठे आहे हेच कळत नाही, त्याला फोटो पाठवायला सांगतो.

पॅक्लोब्युट्राझोलच्या, म्हणजे मोहोर यावा म्हणून आंब्याला घालायच्या औषधाच्या, बाबतीत तर उलट विचारल्याशिवाय मी आकडा तोंडातून काढत नाही. विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे, दर मीटरला 3 मिली, आणि तेही 15 जुलै ते 15 ऑगस्टच्या दरम्यान. नव्या माणसाला फक्त "किती घालू?" एवढेच विचारायचे असते. शेजाऱ्याने सांगितलेला आकडा तो आपल्या कोवळ्या कलमांनाही लावून मोकळा होतो. तोच प्रश्न आहे म्हणून तेच उत्तर फेकणाऱ्या शेजाऱ्याला मी विचारणाऱ्यापेक्षा अधिक दोष देतो.

एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक, कणकवली परिसर

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला तोच प्रश्न म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज नाही. वेळापत्रकाचा फलक डोक्यावर टांगलेला असताना खाली उभे राहून "अमक्या गावची गाडी कधी?" असे विचारणाऱ्यांना आमचे एक सहकारी काही न बोलता फक्त बोटाने वर दाखवत असत. प्रवासी वर बघायचा, पुन्हा खाली बघायचा आणि पुन्हा तेच विचारायचा. हा खेळ बराच काळ पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की फलकावर शेवटच्या थांब्याचे नाव आहे, मधल्या गावांची नाहीत. ज्याचे गाव वाटेत आहे त्याने तो फलक तोंडपाठ केला तरी त्याला गाडी सापडणार नव्हती. दुसरे असे की फलक सुटण्याची वेळ सांगतो आणि लोकांना हवे असते "गाडी इली काय?" याचे उत्तर.

मी एका पुठ्ठ्यावर मधल्या गावांची नावे आणि त्यांच्यापुढे कोणत्या मार्गाची गाडी धरावी हे मोठ्या अक्षरांत लिहून खिडकीला लावले. त्याने गर्दी थांबली नाही, पण उरलेले प्रश्न खरोखर विचारण्यासारखे राहिले. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा घरी राहिला आहे अशांसाठी खिडकी कायमची आहे, आणि त्यांना "तिथे लिहिले आहे" असे सांगणे हा मला उद्धटपणा वाटतो.

काजू बागायतदार, सावंतवाडी तालुका

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. टाळेबंदीच्या काळात मुंबईतली नोकरी गेल्यावर गावी परतलो आणि वडिलोपार्जित कातळालगतच्या जमिनीत वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची कलमे लावली. ढेकण्या या काजूवरच्या किडीसाठी फवारणी कधी करायची, हे मी शेजारच्या तात्यांना विचारले. "पालवी आली की." पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले, कारण माझ्या बागेत एका झाडाला पालवी होती आणि दुसऱ्याला नव्हती, आणि सगळ्यांना एकदम फवारायचे की नाही हे मला कळत नव्हते. तात्या म्हणाले, "मागे सांगलंय मां तुका?" चार माणसे बसली होती, ती हसली. त्यानंतर मी तात्यांना काही विचारले नाही आणि त्या वर्षी कोवळी पालवी काळी पडून करपली.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "जा वेंगुर्ल्याला, संशोधन केंद्रात विचार." हे ऐकायला योग्य वाटते. वेंगुर्ल्याचे केंद्र 1957 पासून चालू आहे आणि माझ्या बागेतल्या जाती तिथेच निघालेल्या आहेत, तेव्हा पत्ता चुकीचा नव्हता. पण तिथे जाऊन नेमके काय विचारायचे, सोबत काय न्यायचे, हे नवख्याला कोण सांगणार? शेवटी नात्यातल्या एका आजींनी सांगितले की रोगट फांदी कापून पिशवीत घाल आणि ती घेऊन जा. ती फांदी टेबलावर ठेवल्यावर मला फारसे काही विचारावेच लागले नाही. पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन टप्प्यांवर लक्ष ठेवायचे, आणि पालवी म्हणजे पावसाळ्यानंतरची, बागेतल्या बहुतेक झाडांवर दिसू लागलेली, हे तिथल्या माणसाने दोन मिनिटांत सांगितले. आजींनी काजूचे एक झाडही लावलेले नाही, हे मुद्दाम नोंदवतो.

आता माझ्याकडे नवी मुले विचारायला येतात. दुसऱ्यांदा विचारणाऱ्याला मी एवढेच म्हणतो की मागच्या वेळी काय समजले ते आधी तू सांग. कुठे अडले आहे ते तेवढ्यात दिसते, आणि ज्याने खरोखरच लक्ष दिले नव्हते तोही आपोआप उघडा पडतो.

न्याहारी-निवास चालवणाऱ्या, गुहागर तालुका

आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा सामान खोलीत ठेवायच्या आत विचारतो, "वहिनी, भरती किती वाजता?" सासूबाईंनी मला लग्न होऊन आल्यावर तिथीची पाऊणपट करायला शिकवले होते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे साधारण तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, आणि रोज मागच्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून थोडी उशिरा. हा हिशोब पाहुण्यांना शिकवला की विचारणे संपेल, असे मला वाटले. मुलांना तो फार आवडतो, ती कॅलेंडरपाशी उभी राहून पुढच्या आठवड्याची भरतीही काढतात. मोठ्या माणसांना मात्र तिथी कुठे बघायची इथपासून सांगावे लागते, आणि ती माणसे सुट्टीवर आलेली असतात, शाळेत नव्हे.

शिवाय हा हिशोब ढोबळ आहे. पाऊणपटीवर विसंबून कोणी खडकांवर जाऊन बसले तर जबाबदारी कोणाची? त्यामुळे मी पद्धत ज्याला हवी त्याला शिकवते, पण वेळ मी स्वतः भरतीचे कोष्टक बघून सांगते. तोच पाहुणा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी विचारत राहिला तरी सांगते. "सकाळीच सांगितले होते ना" हे वाक्य समुद्राच्या बाबतीत मी वापरत नाही.

तांडेल (मासेमारी होडीचे प्रमुख), हर्णै परिसर

मला या विषयावर लिहायला सांगितले याचे आश्चर्य वाटले, कारण होडीवर प्रश्न विचारण्याची पद्धतच नाही. नवा खलाशी येतो, तो जुन्याच्या शेजारी उभा राहतो आणि हात बघतो. दोरी कशी सोडायची, जाळे कोणत्या बाजूने ओढायचे, हे विचारून येत नाही आणि सांगूनही येत नाही. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणारा मुलगा बघत नाही, असा माझा सरळ अर्थ असतो, आणि मी त्याला उत्तर देत नाही, जाळ्यापाशी नेऊन उभा करतो. माझ्या आधी लिहिणाऱ्या मंडळींना हे कठोर वाटेल.

एक अपवाद मात्र मी करतो. पाणी, वारा, इंजीन आणि जीवरक्षक जाकीट यांविषयी कोणी शंभर वेळा विचारले तरी शंभर वेळा सांगायचे, आणि सांगताना टिंगल करायची नाही, कारण टिंगलीच्या भीतीने गप्प बसलेला खलाशी सगळ्या होडीला महाग पडतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर असतात, तेव्हा जाळी विणताना नव्यांनी काय वाटेल ते विचारावे. त्या वेळी मीही बोलतो.

महसूल खात्यातले निवृत्त कर्मचारी, रत्नागिरी जिल्हा

"आजोबा गेले, आता सातबाऱ्यावर आमची नावे कशी लागतील?" या एका प्रश्नावर माझी अर्धी नोकरी गेली असे म्हटले तरी चालेल. उत्तर लांब नाही. मृत्यूचा दाखला, वारसांची माहिती देणारा अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यायचे, वारस नोंदवहीत चौकशी होते, मग फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस द्यावे लागतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे सगळे मी एका कागदावर छापून ठेवले होते. कागद घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कागदासह परत यायचा आणि तेच विचारायचा.

कोकणातल्या सातबाऱ्याचे स्वरूप ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. दोन-चार गुंठ्यांच्या तुकड्यावर तीन पिढ्यांची नावे, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, आणि इतर हक्कांच्या रकान्यात कोणाचे तरी जुने कूळ. कागदावरची प्रक्रिया त्या माणसाला समजलेली असे, पण "चुलत्यांनी अर्जात माझ्या आईचे नाव गाळले तर?" हे त्याला भावकीतल्या चार जणांसमोर विचारता येत नसे. म्हणून मी तशा माणसाला जेवणाच्या सुट्टीनंतर एकट्याने यायला सांगत असे.

मात्र सगळेच असे नसतात, हेही लिहायला हवे. एका प्रकारचा माणूस कागद वाचतच नाही, कारण तुम्ही त्याच्या वतीने वाचावा, अर्ज लिहावा आणि पुढच्या टेबलावर न्यावा अशी त्याची अपेक्षा असते. तो गोड बोलतो, घरचे आंबे आणतो आणि दर भेटीत पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो. त्याला मी कागदावरच्या पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारत असे की हा दाखला आणला आहे का, आणि आणला नसेल तर संभाषण तिथेच थांबवत असे. रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हातारीचा वेळ त्याला देण्याचा मला अधिकार नव्हता.

देवगडच्या रोपवाटिकेतून पुन्हा

सावंतवाडीच्या भावांनी जे लिहिले आहे ते वाचून एक जोडावेसे वाटते. चार माणसांत हसणे हा प्रकार आमच्या बागायतदारांत फार आहे. विचारणारा गप्प होतो आणि आपल्याला वाटते की त्याला समजले. मी अलीकडे अशा बैठकीत आलेला प्रश्न तिथे सोडवत नाही, "संध्याकाळी बागेत ये" असे म्हणतो. तांडेलांची पद्धत बागेतही लागू पडते, पण त्यासाठी नवख्याला बागेत यायची वाट मोकळी ठेवावी लागते.

आशा कार्यकर्त्या, दोडामार्ग परिसर

आमच्या भागात 2016 मध्ये माकडतापाची साथ आली, तेव्हापासून काजूचा हंगाम सुरू झाला की घरोघरी एकच विचारणा असते, "ताई, माकड मेलेले दिसले तर ताप येतो काय?" उत्तर असे की ताप माकडाच्या अंगावरच्या गोचिडीमुळे येतो, माणसापासून माणसाला होत नाही, मेलेल्या माकडाजवळ जायचे नाही आणि आरोग्य केंद्राला कळवायचे. आरोग्य खात्याने दिलेले, गोचीड दूर ठेवणारे तेल रानात जाण्याआधी हातापायांना लावायचे, आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करायची आणि कपडे धुवायचे.

सुरुवातीला एकाच घरातून तोच प्रश्न वारंवार का येतो हे मला समजत नव्हते. एका घरी ओटीवर बसले असताना ते कळले. मी सांगितले की तेल लावा. सून म्हणाली की दुकानदार म्हणतो तेलाचा उपयोग नाही, तर शेजारच्या काकांनी माकडांना हाकलून लावायला सांगितले आहे. तिला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली होती आणि त्यातले खरे कोणते हे ठरवण्यासाठी ती पुन्हा पुन्हा मलाच विचारत होती. त्यानंतर आम्ही आशा, आरोग्य सेविका आणि अंगणवाडीच्या बाईंनी बसून उत्तराचे शब्द एकसारखे केले आणि वाडीतल्या दुकानदारालाही तेच सांगितले. दुकानदाराने आधी वाद घातला, कारण त्याच्याकडे विचारायला येणारी माणसे माझ्यापेक्षा जास्त आहेत. आता तो तेलाच्या बाटल्या आल्या की नाही हे लोकांना सांगतो, आणि बाकीच्या प्रश्नांसाठी त्यांना माझ्याकडे पाठवतो.

विचारणे अजून थांबलेले नाही. काजू वेचायला दरवर्षी बाहेरून नवी मजूर माणसे येतात, त्यांना मागच्या वर्षीचे काहीच ठाऊक नसते, त्यामुळे जानेवारीत मी पहिली फेरी त्यांच्याच राहुट्यांपासून सुरू करते.